स्टेपल सिंगर्स : एका कुटुंबाने गॉस्पेल चर्चमधून हायवेवर कसं आणलं

अमेरिकन संगीताचा विषय निघाला की ब्लूज, जॅझ, रॉक ही नावं आपल्याकडे पटापट येतात, पण गॉस्पेल म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर चर्चमध्ये झगे घालून उभा असलेला मोठा कोरस आणि टाळ्या एवढंच येतं. ते चूक नाहीये, पण फार थोडं आहे. गॉस्पेलचा केवढा तरी भाग गाडीत, हायवेवर, एका गावातून दुसऱ्या गावात जाताना घडलाय आणि तो घडवला छोट्या छोट्या ग्रुप्सनी, त्यातले कित्येक ग्रुप म्हणजे एकेक अख्खं घर. मला त्यातलं सगळ्यात जवळचं वाटतं ते स्टेपल सिंगर्स, बाप आणि त्याची मुलं. त्यांची गोष्ट नीट कळली की गॉस्पेल म्हणजे काय, ते फिरून गाणं म्हणजे काय, आणि देवाची गाणी गाणारी माणसं एकदम हक्कांच्या लढ्यात आणि नंतर थेट पॉप चार्टच्या एक नंबरवर कशी पोचली, हे सगळंच उलगडतं.

आधी गॉस्पेल काय ते बघू. गुलामगिरीच्या काळात शेतात राबणारी काळी माणसं बायबलमधल्या गोष्टींवर गाणी रचून गायची, त्यांना स्पिरिच्युअल म्हणतात. ही गाणी बाहेरच्या जगाला कळली ती एका फिरत्या ग्रुपमुळेच. नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठाकडे पैसे नव्हते, तेव्हा १८७१ मध्ये तिथले विद्यार्थी, बरेचसे स्वतः गुलामीत जन्मलेले, गाऊन पैसे उभे करायला टूरवर निघाले, ते फिस्क ज्युबिली सिंगर्स. म्हणजे गावोगाव फिरून देवाची गाणी गायची हा प्रकार तेव्हापासूनचा. आज ज्याला आपण गॉस्पेल म्हणतो ते त्यानंतरचं, १९३० च्या आसपास शिकागोत घडलेलं, आणि त्यात सगळ्यात मोठं नाव थॉमस डॉर्सी. हा माणूस आधी ब्लूजचा पियानोवाला होता, मा रेनीसारख्या गायिकेबरोबर वाजवायचा, आणि त्याने ब्लूजची चाल, तो ठेका उचलून भक्तीच्या शब्दांना लावला. जुन्या वळणाच्या चर्चवाल्यांना ते अजिबात आवडलं नाही, असली नाचरी गाणी देवळात कशाला वगैरे, पण लोकांना आवडलं आणि ते टिकलं. गाण्याची रचना बरीचशी अशी की एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, आपल्याकडे पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी झील धरतात ना, साधारण तसं.

आता रोबक स्टेपल्स, ज्याला पुढे सगळं जग पॉप्स म्हणायला लागलं. जन्म २८ डिसेंबर १९१४, मिसिसिपी राज्यात विनोना गावाजवळ, चौदा भावंडांत शेंडेफळ. लहानपण गेलं डॉकरी नावाच्या कापसाच्या प्लँटेशनवर. ब्लूज ऐकणाऱ्यांना हे नाव माहीत असेलच, कारण चार्ली पॅटन तिथलाच आणि त्याच्यामागे जी पोरं गिटार शिकली त्यांच्यापासून डेल्टा ब्लूजची अर्धी वंशावळ सुरू होते. रोबकही त्याच पोरांतला. म्हणजे आठवडाभर कापूस, शनिवारी ब्लूज आणि रविवारी चर्च, आणि घरी भावंडांबरोबर प्रत्येकाचा सूर ठरवून गायची सवय. हे दोन्ही त्याच्यात एकत्र मुरलं. मला वाटतं पुढचं सगळं या एका गोष्टीत आहे, त्याने ब्लूजची गिटार कधी टाकली नाही आणि चर्चही कधी सोडलं नाही, बाकीच्यांना ज्या दोन वेगळ्या वाटा वाटत होत्या त्या त्याच्यासाठी एकाच अंगणातल्या होत्या.

१९३३ मध्ये ओसिओलाशी लग्न झालं, मग क्लिओथा आणि पर्व्हिस ही दोन मुलं, आणि १९३६ च्या सुमारास हे कुटुंब शिकागोला आलं. एकटे तेच नाही. १९१० ते १९७० या काळात जवळजवळ ६० लाख काळे लोक दक्षिणेतून उत्तरेकडच्या आणि पश्चिमेकडच्या शहरांत गेले, याला ग्रेट मायग्रेशन म्हणतात, आणि मिसिसिपीतून शिकागोला थेट रेल्वे असल्यामुळे तिथले लोक तिकडेच ओढले गेले. कारणं साधी होती, दक्षिणेत सावकाराचं कर्ज फिटत नव्हतं, मतदान करू देत नव्हते, आणि जमावाने कुणालाही झाडाला लटकवलं तरी केस होत नव्हती. शिकागोत निदान कारखान्यात काम होतं. रोबकने कत्तलखान्यात, मांसाच्या कारखान्यात, पोलाद कारखान्यात मिळेल ते काम केलं, ओसिओला पण नोकरी करायची, आणि इथेच इव्हॉन आणि १९३९ मध्ये मेव्हिस जन्मली. शिकागोच्या ज्या भागात ते राहायचे तिथली पोरं पण बघा, पुढे मोठे गायक झालेले सॅम कुक आणि लू रॉल्स हे पर्व्हिसचे दोस्त. एकाच वस्तीत एवढा गळा कुठून आला असं वाटतं, पण सगळी त्याच मायग्रेशनमधून आलेल्या घरांतली आणि त्याच चर्चेसमध्ये वाढलेली.

शिकागोत रोबक ट्रम्पेट ज्युबिलीज नावाच्या सहा जणांच्या ग्रुपमध्ये गात होता. त्या काळात असे पुरुषांचे ग्रुप गल्लोगल्ली होते, त्यांना क्वार्टेट म्हणजे चौकडी म्हणायचे, मग माणसं पाच असोत नाहीतर सहा. पण प्रॅक्टिसला कुणी वेळेवर यायचंच नाही, कधी दोघं कधी तिघं, आणि दिवसभर कारखान्यात राबून आलेल्या माणसाला हे किती दिवस चालणार. एक दिवस वैतागून तो घरी आला, एक साधी गिटार होती ती काढली, मुलांना दिवाणखान्यात जमिनीवर गोल बसवलं आणि एकेकाला सूर दिला, हा तुझा, हा तुझा, जे सूर तो मिसिसिपीत भावंडांबरोबर लावायचा तेच. पहिलं गाणं शिकवलं ते 'विल द सर्कल बी अनब्रोकन'. आत्या केटीने ते ऐकलं आणि म्हणाली माझ्या चर्चमध्ये येऊन गा. १९४८ साल. मेव्हिस एवढी लहान की लोकांना दिसावी म्हणून तिला खुर्चीवर उभं करायला लागायचं. चर्चमधल्या लोकांनी तीनदा परत बोलावलं आणि यांना गाणं येत होतं एकच, तेच पुन्हा पुन्हा गायले. पॉप्सने ठरवलं की लोकांना आवडतंय, घरी जाऊन अजून गाणी शिकायची.

कुटुंबाचा ग्रुप का टिकतो याचं अर्धं उत्तर इथेच आहे. प्रॅक्टिसला गैरहजर राहायची सोयच नाही. पैशावरून ग्रुप फुटायचा धोका कमी, कारण सगळं एकाच घरात येतं. आणि एकाच घरातल्या गळ्यांचे उच्चार, श्वास, ओळ कुठे संपवायची याची सवय इतकी सारखी असते की बाहेरची चार माणसं आणून ती येत नाही. सुरुवातीला वरच्या सुरातला लीड, म्हणजे मुख्य आवाज, पर्व्हिस गायचा, पण वयात येताना त्याचा आवाज फुटला आणि लीड मेव्हिसकडे गेला, तिचा आवाज उलट खाली, खर्जातला, खरखरीत. घरातच बदली खेळाडू तयार होता असं म्हणा. पुढे पर्व्हिस सैन्यात गेला तेव्हा इव्हॉन उभी राहिली, तिला खरंतर स्टेजपेक्षा हिशेब आणि व्यवस्था बघणं जास्त आवडायचं.

आवाजाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं कारण स्टेपल सिंगर्स ओळखू येतात ते त्यामुळे. तेव्हाचे बाकीचे गॉस्पेल ग्रुप जोरदार, पियानो, ऑर्गन, घाम निघेपर्यंत ओरडून गाणारे. यांच्याकडे फक्त पॉप्सची इलेक्ट्रिक गिटार, तीही ट्रेमोलो लावून, म्हणजे अँप्लिफायरमध्ये आवाज सारखा लहानमोठा होत राहतो आणि सूर पाण्यावर हलल्यासारखा थरथरतो. तो फार सूर वाजवायचाच नाही. मागे दोघांतिघांचं सावकाश, जुन्या खेडेगावी पद्धतीचं हार्मनी आणि मग मध्येच मेव्हिस. १९५३ मध्ये पहिली रेकॉर्ड निघाली तिचं फार काही झालं नाही. मग व्ही-जे ही कंपनी, व्हिव्हियन कार्टर आणि जिमी ब्रॅकन या काळ्या जोडप्याने काढलेली, आणि तिथे १९५६ मध्ये 'अनक्लाउडी डे' रेकॉर्ड झालं. गाणं १८७९ चं, चर्चच्या पुस्तकातलं, पण या लोकांनी ते असं गायलं की काळजात धस्स होतं. मेव्हिस तेव्हा १७ वर्षांची, आणि लोकांना पटायचंच नाही की हा आवाज एका पोरीचा आहे, कुणीतरी दांडगा पुरुष नाहीतर मोठी बाई असणार म्हणून पैजा लागायच्या. नॅशव्हिलचं डब्ल्यूएलएसी हे रेडिओ स्टेशन रात्री फार लांबपर्यंत ऐकू जायचं, तिकडे मिनेसोटाच्या थंडीत पुढे बॉब डिलन या नावाने गायक म्हणून गाजलेला एक शाळकरी मुलगा रात्री रेडिओवर हेच गाणं ऐकून हादरला होता, हे त्याने स्वतः नंतर सांगितलंय.

टूर म्हणजे आज आपण समजतो तसं बस, मॅनेजर, हॉटेल असं काही नव्हतं. पॉप्सने बराच काळ नोकरी सोडली नाही आणि मुलांच्या शाळा होत्या, त्यामुळे शुक्रवारी निघायचं, शनिवार-रविवार दोन तीन ठिकाणी गायचं आणि रात्रभर गाडी चालवून सोमवारी घरी. कार्यक्रमाला प्रोग्रॅम म्हणायचे, कधी चर्चमध्ये कधी हॉलमध्ये, पैसे तिकिटातून नाहीतर ताट फिरवून, आणि ते मिळतील का याची खात्री नाही. १९५७ मध्ये मेव्हिसची शाळा संपली, तिला नर्स व्हायचं होतं, पण पॉप्सने समजावलं की तू गाऊन लोकांना बरं वाटायला लावतेस ते तेच काम आहे, आणि मग हे पूर्णवेळ रस्त्यावर आले.

आणि रस्ता म्हणजे दक्षिणेतला रस्ता. तिथे काळ्या माणसाला बहुतेक हॉटेलात खोली नाही, रेस्टॉरंटमध्ये बसू देत नाहीत, पेट्रोल देतील पण संडास वापरू देतील असं नाही. काळ्या प्रवाशांसाठी 'ग्रीन बुक' नावाचं पुस्तकच निघायचं १९३६ पासून, कुठल्या गावात कुणाकडे राहता येईल, कुठे जेवण मिळेल याची यादी. गाणाऱ्यांचं तर बरंचसं चर्चच्या लोकांच्या घरी राहून, घरून डबे बांधून नेऊन भागायचं. १९६४ मधली एक रात्र मेव्हिसने बऱ्याचदा सांगितलीय. मेम्फिसमध्ये पेट्रोल भरलं, गाडी तीच चालवत होती, तिने पावती मागितली, पंपावरच्या गोऱ्या पोराने घाणेरडी शिवी दिली, पॉप्स उतरला आणि मारामारी झाली. नदीचा पूल ओलांडून आर्कान्सामध्ये शिरेपर्यंत पोलिसांच्या गाड्या आडव्या, कुत्री, हातात बेड्या, आरोप काय तर चोरी, पेट्रोलचे पैसे न देता पळाले. गाडीत सिगारच्या डब्यात कार्यक्रमाचे पैसे सापडले त्यावरून अजूनच संशय. पण ती पावती होती! शेवटी ठाण्यावरच्या कॅप्टनने सगळं ऐकून सोडून दिलं. साधी पेट्रोलची पावती जवळ नसती तर त्या रात्री काय झालं असतं, विचार करवत नाही.

माझं ठाम मत असं आहे की स्टेपल सिंगर्सची गाणी पुढे जी बदलली ती असल्या रात्रींमुळे. रेकॉर्ड कंपनीने सांगितलं म्हणून किंवा फॅशन आली म्हणून नाही. एका रविवारी मॉन्टगोमेरीत असताना पॉप्स सगळ्यांना घेऊन डेक्स्टर अव्हेन्यू चर्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंगचं प्रवचन ऐकायला गेला आणि हॉटेलवर येऊन मुलांना म्हणाला की या माणसाचं म्हणणं मला पटलंय, तो जे प्रवचनात सांगू शकतो ते आपण गाऊ शकतो. तिथून हे किंगबरोबर सभांना जायला लागले, आधी यांची गाणी मग त्यांचं भाषण. (किंग १९५९ मध्ये भारतात आले होते तेव्हा मुंबईत गावदेवीच्या मणिभवनात राहिले होते, गांधींची खोली बघायला म्हणून. अहिंसेचा जो धागा या गाण्यांत ऐकू येतो त्याचं एक टोक आपल्या मुंबईत आहे.)

किंगला सगळ्यात आवडायचं ते पॉप्सचं 'व्हाय अॅम आय ट्रीटेड सो बॅड'. ते आलंय लिटल रॉकवरून. १९५७ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ काळ्या मुलांना कोर्टाने प्रवेश दिला आणि राज्याच्या गव्हर्नरने त्यांना अडवायला सैनिक उभे केले, पोरं रोज शाळेपर्यंत जायची, शिव्या खायची, परत यायची. पॉप्सने ते टीव्हीवर बघितलं आणि त्यातून हे गाणं झालं. गंमत बघा, गाण्यात कुठे घोषणा नाही, नुसता प्रश्न, माझ्याशी असं का वागता, आणि चाल चर्चमधलीच. १९६५ मध्ये सेल्मा ते मॉन्टगोमेरी जवळजवळ ८७ किलोमीटरचा मोर्चा मतदानाच्या हक्कासाठी निघाला, त्यावर पॉप्सने 'फ्रीडम हायवे' लिहिलं आणि मोर्चानंतर काही आठवड्यांतच शिकागोच्या न्यू नाझरेथ चर्चमध्ये लोकांसमोर ते गायले, ते रेकॉर्डिंग आहे. त्यात टॅलाहॅची नदीचा उल्लेख येतो. १९५५ मध्ये शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला आणि त्याला मारून त्याच नदीत फेकलं होतं. शिकागोतल्या चर्चमध्ये बसलेल्या प्रत्येकाला ती नदी कुठली ते सांगायची गरज नव्हती. मी ते रेकॉर्डिंग ऐकतो तेव्हा मागच्या लोकांचे आवाज ऐकत राहतो, टाळ्या, हुंकार, मधूनच कुणाचं तरी ओरडणं, स्टुडिओत हे मिळणारच नाही.

१९६८ च्या एप्रिलमध्ये मेम्फिसमध्ये किंगची हत्या झाली आणि त्याच वर्षी त्याच शहरातल्या स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीने स्टेपल सिंगर्सना घेतलं. कंपनीचा अल बेल हा आधी रेडिओवरचा माणूस, यांना खूप आधीपासून ओळखणारा. त्याने यांना अलाबामातल्या मसल शोल्सच्या स्टुडिओत नेलं, तिथले वादक गोरे, ठेका अस्सल सोल, म्हणजे गॉस्पेलच्या गायकीतूनच निघालेलं काळ्या लोकांचं पॉप, आणि त्यावर या लोकांचे शब्द. १९७१ चं 'रिस्पेक्ट युवरसेल्फ' आणि १९७२ चं 'आय विल टेक यू देअर', हे दुसरं बिलबोर्ड हॉट १०० या अख्ख्या अमेरिकेच्या पॉप चार्टवर एक नंबरला गेलं. हे गाणं अल बेलने लिहिलं ते भावाच्या अंत्यसंस्काराला लिटल रॉकला गेला होता तेव्हा, भावाचा गोळी लागून खून झाला होता. गाण्यातली ती जागा, जिथे कुणी रडत नाही, कुणी खोटं बोलत नाही, ती नाचायच्या गाण्यातली जागा वाटते पण ती अशा दिवशी सुचलीय. सुरुवातीची बेसची चाल मात्र जमैकातल्या एका रेगे रेकॉर्डवरून घेतलेली आहे.

चर्चमधले बरेच लोक तेव्हा चिडले. रेडिओवर, डान्स हॉलमध्ये वाजतंय म्हणजे हे सैतानाचं संगीत, तुम्ही देवाला सोडलं वगैरे. मेव्हिसचं उत्तर ठरलेलं, सैतानाकडे संगीत असतंच कुठे, सगळं संगीत देवाचंच. आणि खरंच शब्द बघितले तर काय बदललं होतं? शेजाऱ्याशी नीट वागा, स्वतःचा मान ठेवा, एक चांगली जागा आहे तिकडे जाऊया. फक्त येशूचं नाव थेट येत नव्हतं. मला तर चिडणाऱ्यांचंही कळतं, कारण ज्या समाजाकडे स्वतःचं म्हणावं असं एकच घर होतं, चर्च, तिथली माणसं बाहेर जाताना बघून भीती वाटणारच, सॅम कुकच्या वेळी तेच झालं होतं. पण सॅम कुक गॉस्पेल सोडून प्रेमगीतांकडे गेला आणि स्टेपल्सनी तेच म्हणणं बाहेर नेलं, हा फरक मोठा आहे.

त्याच काळात ते किती फिरले बघा. मार्च १९७१ मध्ये घानात, आक्राला स्वातंत्र्यदिनाच्या मैफलीत. २० ऑगस्ट १९७२ ला लॉस एंजेलिसच्या कोलिझियम स्टेडियममध्ये वॅटस्टॅक्स ही मैफल, तिथल्या वॅट्स या काळ्यांच्या वस्तीत दंगल झाली होती त्याला सात वर्षं झाल्याच्या निमित्ताने, तिकीट फक्त एक डॉलर कारण गरिबातल्या गरिबाला येता यावं, आणि लाखाच्या वर लोक. तोपर्यंत पर्व्हिस ग्रुपमधून बाहेर पडला होता आणि स्टेजवर बाप आणि तीन मुली. १९७५ मध्ये सोल गायक-संगीतकार कर्टिस मेफिल्डने एका सिनेमासाठी केलेल्या गाण्याने पुन्हा एक नंबर मिळाला, त्या गाण्याचे शब्द जरा शृंगारिक, पॉप्स म्हणे मी चर्चचा माणूस, मी हे नाही म्हणणार, आणि मेफिल्डला त्याची बरीच समजूत घालावी लागली. त्याच वर्षाच्या शेवटी स्टॅक्स कंपनी दिवाळखोरीत गेली. नंतरची वर्षं टूर चालू राहिल्या पण हिट कमी होत गेले, त्यावर फार सांगण्यासारखं नाही. १९९९ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये नाव आलं आणि डिसेंबर २००० मध्ये पॉप्स गेला, ८६ वा वाढदिवस थोडक्यात हुकला.

मेव्हिसला तेव्हा गाणं सोडावंसं वाटत होतं, बापाच्या गिटारबरोबर गायची तिला लहानपणापासूनची सवय होती. इव्हॉनने तिला उभं केलं. २०११ मध्ये तिला पहिलं ग्रॅमी मिळालं, सत्तरी उलटल्यावर. पॉप्सने शेवटी शेवटी केलेली अर्धवट रेकॉर्डिंग तिने जपून ठेवली होती, ती पूर्ण करून २०१५ मध्ये 'डोन्ट लूज धिस' नावाने आली, बापाने तिला ती सोपवताना म्हटलेलंच वाक्य ते. क्लिओथा २०१३ मध्ये, इव्हॉन २०१८ मध्ये आणि पर्व्हिस २०२१ मध्ये गेला.

ऐकायचं असेल तर हिट गाण्यांपासून सुरू करू नका असं मी सांगेन, नाहीतर ती नुसती छान सोल गाणी वाटतात. आधी १९५६ चं 'अनक्लाउडी डे', हेडफोन लावून, फक्त गिटारकडे लक्ष ठेवून. मग न्यू नाझरेथ चर्चमधलं १९६५ चं रेकॉर्डिंग अख्खं, मध्ये पॉप्स बोलतो तेही वगळू नका. त्यानंतर 'आय विल टेक यू देअर' लावा आणि मेव्हिस ओळ टाकते तेव्हा मागून बहिणी ती कशी उचलतात ते ऐका, चर्चमध्ये उचलायच्या अगदी तशीच उचलतात.